खुर्ची परत पाठवा: नव्या पर्यवेक्षिकांना खुले पत्र

नव्याने रुजू होणाऱ्या अंगणवाडी पर्यवेक्षिकांनो,

सप्रेम नमस्कार.

निवड यादीत नाव आलं म्हणून घरी पेढे वाटले असतील. वाटायलाच हवेत. परीक्षेसाठी तुम्ही घोकलंच असेल: एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, देशात पहिले प्रकल्प 33, त्यातले आपल्याकडचे धारणी आणि धारावी, सेवा एकूण सहा. सगळं बरोबर आहे. पण परीक्षेत कधीच न येणारा एक प्रश्न तुमच्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहणार आहे. अंगणवाडीत गेल्यावर बसायचं कुठे?

हसू नका. तुमची गाडी वस्तीच्या वळणावर दिसली की मदतनीस शेजारच्या घरी पळते आणि प्लॅस्टिकची लाल खुर्ची घेऊन येते. पदराने पुसते. तुम्ही खुर्चीत बसता. मग आपोआप समोर टेबल येतं, टेबलावर रजिस्टरं येतात, पाण्याचा तांब्या येतो, आणि मुलं भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून गप्प बसतात. पुढचा पाऊण तास त्या खोलीत मूल नसतंच. मॅडम असतात आणि कागद असतात. त्या खुर्चीतून खाली सतरंजीवर उतरायला मला सात वर्षं लागली, म्हणून हे पत्र.

मी 1989 ला सेविका म्हणून लागले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा डोंगरपट्टा, म्हणजे आताचा पालघर. 2004 मध्ये बढतीने मुख्यसेविका झाले. तुम्हाला आता पर्यवेक्षिका म्हणतात. सेविका मॅडम म्हणतील आणि वस्तीवरच्या बाया बाईच म्हणतील. मे 2024 मध्ये निवृत्त झाले. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, 23 अंगणवाड्या होत्या, त्यातल्या सहा ठिकाणी पावसाळ्यात गाडी जात नसे. स्वतः पंधरा वर्षं सेविका असूनही खुर्ची मिळाल्याबरोबर मी खुर्चीसारखीच वागायला लागले, हे आधी कबूल करते. कुणी शिकवावं लागत नाही ते.

खाली बसले ती गोष्ट सांगते. 2011 चा उन्हाळा. एका पाड्यावरच्या अंगणवाडीत गेले. खुर्चीत बसून भेट पुस्तकात शेरा लिहून टाकला, ‘पूर्वशालेय शिक्षण समाधानकारक नाही, मुलांना अंक लिहिता येत नाहीत.’ सही केली. आणि वीज गेली. आत इतकं उकडायला लागलं की सेविकेने मुलांना बाहेर आंब्याखाली नेलं, मलाही जावं लागलं. तिथे खुर्ची कुणी आणली नाही, मी मुळावर टेकले.

साडेचार वर्षांचा एक मुलगा चिंचोक्यांचा ढीग घेऊन बसला होता. आधी त्याने फुटके वेगळे काढले. मग आंब्याची पानं गोळा करून ओळीने मांडली, प्रत्येक पानाला त्याच्या दृष्टीने एक पोर होतं, आणि प्रत्येक पानावर एक एक चिंचोका ठेवत गेला. चिंचोके संपले, पानं उरली. तो थोडा वेळ पानांकडे बघत राहिला. फुटक्यांकडे हात गेला, पण त्याने तो मागे घेतला. उठला, सेविकेच्या डब्याजवळ गेला आणि मोजून तीनच चिंचोके घेऊन आला. तीन पानं उरली होती.

ह्या मुलाला ‘अंक येत नाहीत’ असं मी दहा मिनिटांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्याला पाटीवर तीन काढता येत नव्हता हे खरं. पण वर्गीकरण, एकास एक जोडी आणि वजाबाकी त्याने माझ्यासमोर करून दाखवली होती, तीही न सांगता. आत जाऊन मी तो शेरा खोडला. सरकारी पुस्तकात मी केलेली ती पहिली खाडाखोड. दुसरीबद्दल पुढे लिहिते, ती लिहायला जड जाणार आहे.

त्या दिवशी मला कोसबाड आठवलं. सेविका म्हणून लागल्यावर पहिल्याच वर्षी आम्हाला तिथे बघायला नेलं होतं. डहाणूजवळची टेकडी, झाडं, आणि मुलांच्या हातात शंख, शिंपले, बिया, पानं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या दोघींनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. तुम्ही ज्या शब्दावर पगार घेणार आहात तो अंगणवाडी हा शब्द ताराबाईंचा. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा बाईंनी शाळा त्यांच्या अंगणात नेली. आधी अंघोळ, वेणीफणी, नखं, मग गाणं-गोष्ट, मग बाकीचं. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात तेव्हा कुरणशाळा झाली. माँटेसरीची साधनं महाग म्हणून ओढ्यातले खडे आणि जंगलातल्या बिया साधनं झाली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. हे परीक्षेत विचारतात. त्या कुठे बसायच्या हे विचारत नाहीत.

सेविकांवर ‘लिहून घ्या’ असा दबाव कोण आणतं? आपणच. तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला तयार नसतात. त्यांना माती मळायची असते, कागद फाडायचा असतो, मणी ओवायचे असतात, खापरी घेऊन फरशीवर रेघोट्या मारायच्या असतात. पण आपल्या भेटीच्या आदल्या दिवशी सेविका पाट्या पुसून एक ते पन्नास गिरवून घेते, कारण मागच्या खेपेला आपण शेजारच्या अंगणवाडीत त्याचंच कौतुक केलेलं असतं. सेविका फार हुशार असतात. मॅडमना काय आवडतं ते त्या दोन भेटींत ओळखतात. तेव्हा आपल्या आवडीनिवडी जपून दाखवा.

पालकांचंही आहेच. तालुक्याच्या गावातून केजीची पिवळी व्हॅन रस्त्याला लागली की आपल्या अंगणवाडीतली ऐपतवाली चार मुलं त्यात जातात, आणि उरलेल्यांचे आईबाप विचारतात, तुमच्याकडे एबीसीडी का नाही? त्यांना उडवून लावू नका. इंग्रजी आलं नाही तर पोर मागे राहील ही त्यांची भीती खोटी नाही. मी पालक सभेत भाषण द्यायचं सोडून दिलं आणि आयांनाच सतरंजीवर बसवून चिंचोके वाटले. पोरांबरोबर खेळून झाल्यावर एकेकीला विचारायचे, पोराने आत्ता काय काय केलं ते सांग. आई सांगायला लागली की तिचं तिलाच कळतं. सगळ्याच वेळी नाही कळत. दोन आया तरीही पुढच्या जूनमध्ये व्हॅनकडे गेल्या.

आता दुसरी खाडाखोड.

त्याच वर्षीचा पावसाळा. आढावा बैठकीत एका वरिष्ठांनी बीटनिहाय यादी वाचायला घेतली. ज्यांच्याकडे तीव्र कमी वजनाची मुलं जास्त, त्यांना उभं केलं. माझ्याकडे नऊ होती. भर सभेत जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. रडू आलं नाही एवढंच. बीटवर परतल्यावर मी एका सेविकेला म्हटलं, ‘ताई, परत एकदा वजन घ्या बरं, काटा नीट बघा.’ एवढंच म्हटलं. ती पंधरा वर्षं मुरलेली सेविका, तिला पुढचं बोलावं लागलं नाही. दोन वर्षांच्या एका मुलीचं वजन 7 किलो 900 ग्रॅम लिहिलेलं होतं, ते खोडून 8 किलो 300 केलं. त्या वयाच्या मुलीसाठी तीव्र आणि मध्यम ह्यांच्यामधली रेघ 8 किलो 100 च्या आसपास असते. मुलगी रेघेच्या वर गेली. खोडलेल्या जागी मी सही केली.

यादीतून नाव गेलं म्हणून ती ग्राम बालविकास केंद्रात गेली नाही. तिथे दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खायला घालतात, औषधं देतात, रोज कुणीतरी बघतं. तीन आठवड्यांनी जुलाब लागून ती ग्रामीण रुग्णालयात दाखल झाली. सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. ती वाचली, नंतर चालली, बोलली, अंगणवाडीतही आली. मी मात्र ते 400 ग्रॅम विसरले नाही. ते मी रजिस्टरात घातले होते, तिच्या अंगात नाही.

आमच्या डोंगरपट्ट्याला हे नवं नव्हतं. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सबंध राज्य हादरलं, तेव्हा मी सेविका होते. पुढाऱ्यांच्या जीपगाड्यांचा धुरळा अजून आठवतो. त्यानंतर आमच्याकडे पहिली तपासणी झाली ती रजिस्टरांची. तेव्हा आम्ही सेविका आपसात हसलो होतो. वीस वर्षांनी रजिस्टर ‘नीट’ करून घेणारी मीच निघाले.

ह्यानंतरच्या आढाव्यात माझा आकडा नऊवरून चौदा झाला. कारण विचारल्यावर मी उभी राहून म्हटलं, ‘साहेब, मुलं वाढली नाहीत, काटा दुरुस्त केला.’ हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. पण चौदाच्या चौदा मुलांना केंद्रात जागा मिळाली, आणि माझी वेतनवाढ कुणी रोखली नाही. बैठकीला आकडा घेऊन जाऊ नका, मुलांच्या नावांची यादी घेऊन जा. वजन, दंडघेर, घरी दुभती गाय आहे की नाही, आई मजुरीला कुठे जाते, सगळं लिहून. आकड्यावर ओरडता येतं. नाव, वय आणि घरची परिस्थिती वाचून दाखवली की ओरडणाऱ्यालाही जरा थांबावं लागतं. वृद्धांची पेन्शन अडली तर म्हातारा तहसीलच्या पायरीवर येऊन बसतो. सात किलोची मुलगी कुठे येऊन बसणार? तिच्या वतीने त्या हॉलमध्ये उभं राहायला आपल्याशिवाय माणूस नाही. ह्यालाच मोठ्या शहरांतल्या परिषदांत बालहक्कांची वकिली म्हणतात. आपल्याकडे ती दर महिन्याच्या बैठकीत, साध्या आवाजात करायची असते.

वकिलीला थोडा कायदा लागतो, म्हणून तेवढा सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, पण तो 6 ते 14 वयाचा. सहाच्या आतल्यांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 45 मध्ये राज्य ‘प्रयत्न करील’ असं आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 11 मध्ये शासन व्यवस्था ‘करू शकेल’ असं आहे. शाळेत क्रियापदं शिकलात ना? करील आणि करू शकेल ह्यांतला फरक मुलाला सहाव्या वर्षापर्यंत भोगावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानला. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते हे त्यातलं वाक्य आता प्रत्येक कार्यक्रमात पाहुणे म्हणतात. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

जेवणाचं मात्र वेगळं आहे. तो हक्कच आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे 3 ते 6 वयाच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण द्यायचंच आहे; दोन्ही मिळून 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं हे त्यातलं मूळ प्रमाण 2023 मध्ये सुधारलं. आहार शिजवणाऱ्या बचत गटाचं बिल अडकलं म्हणून चूल बंद पडली, तर ‘आहार पुरवठ्यात खंड’ असं गुळमुळीत लिहू नका. ‘अन्न सुरक्षा कायद्याचा भंग होत आहे’ असं लिहा, तारीख घाला, पोच घ्या. माझा अनुभव असा की पहिल्या वाक्याला उत्तर यायला दोन महिने लागतात, दुसऱ्याला आठवडा. आणि हो, ह्या सगळ्याला दर मुलामागे रोजचे 8 रुपये. हा दर 2017 मध्ये ठरला, मी निवृत्त झाले तेव्हाही तोच होता. आठ रुपयांत कांदा, तेल, मूगडाळ आणि गटातल्या बाईची मजुरी बसवून दाखवणारी माणसं अर्थशास्त्रज्ञांत सापडायची नाहीत.

ॲपबद्दल मी फार बोलणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे केंद्राचं नोंदींचं ॲप आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल कार्यालयांत परत नेऊन टाकले. त्यांना तंत्रज्ञान नको होतं असं तेव्हा बोललं गेलं. खोटं आहे. बंद पडणारा फोन आणि इंग्रजीतलं ॲप नको होतं. आता शिधा देताना लाभार्थीचा चेहराही जुळवावा लागतो, आणि रेंज टेकडीवर मिळते. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं: साडेनऊ ते दीड ह्या वेळात एक चांगली, मनापासून काम करणारी सेविका मुलांबरोबर सतरंजीवर होती 35 मिनिटं. बाकी वेळ फोटो, नोंदी, फोन, आणि ‘आत्ताच्या आत्ता माहिती पाठवा’ असे ग्रुपवरचे निरोप. त्यातले निम्मे निरोप माझेच होते, हे मोबाईल उघडून बघितल्यावर कळलं.

त्यावर एक उपाय मला सापडला. भेट पुस्तकात मी स्वच्छ अक्षरात लिहायचे, ‘सकाळी 10 ते 12 बालशिक्षण. ह्या वेळेत मोबाईल कपाटात ठेवावा. पर्यवेक्षिकेची सूचना.’ आणि सही, शिक्का. सेविकेला तोंडी आधार पुरत नाही. उद्या नोटीस आली तर दाखवायला कागद लागतो. तुमचं अक्षर ही तिची छत्री आहे, ती उघडून द्या.

सेविकांशी वागताना एक लक्षात असू द्या. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. केंद्राने ठरवून दिलेलं मानधन 2018 पासून सेविकेला महिना 4,500 आणि मदतनिसाला 2,250, वरचं राज्य घालतं. ग्रॅच्युइटीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, 2022 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 4 डिसेंबर 2023 ला संप सुरू झाला तो जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. त्या संपात मला नोटिसा वाटायला पाठवलं. मी गेले. नोटीस दिली, पोच म्हणून सही घेतली, मग त्याच ओट्यावर बसून तिने केलेला कोरा चहा प्यायले. तिला बरं वाटलं असेल का? नसेल. मलाही नाही वाटलं. पण त्या दिवसांत मुलांच्या घरचं मला तिच्याकडूनच कळत होतं, अंगणवाडीला कुलूप असलं तरी.

आणि संपाने माझं एक काम अर्धवट राहिलं, ते तुमच्यावर टाकून पत्र थांबवते.

आमच्याकडे दिवाळी झाली की ट्रक येतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. अख्खी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती होळीला येतात नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर. हजेरीपटावर मुलापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं की आपली जबाबदारी संपते. तिकडच्या बीटच्या सर्वेक्षणात भट्टी नसते, म्हणून त्यांची सुरू होत नाही. मधले पाच-सहा महिने ते मूल कुणाचंच नसतं. मी निघताना आईच्या हातात चिठ्ठी द्यायचे: नाव, जन्मतारीख, वजन, राहिलेल्या लसी, माझा नंबर. मग तिकडच्या मुख्यसेविकेला फोन. पहिल्या वर्षी उत्तर मिळालं, ‘ती मुलं माझ्या यादीत नाहीत.’ मी म्हटलं, माझ्याही नाहीत आता, मग दोघी मिळून वाटून घेऊ या. त्या हसल्या, आणि पुढच्या आठवड्यात भट्टीवर गेल्या. पुढे दरवर्षी जात राहिल्या. आता ॲपवर स्थलांतराची नोंद करता येते, ती कराच. पण फोनही करा, कारण भट्टीवर ॲप जात नाही, बाई जाते.

नोव्हेंबर 2023 मध्ये माझ्या बीटमधून अकरा मुलं गेली. संप लागेपर्यंत सातांचा पत्ता लागला, तिकडच्या अंगणवाडीत जेवायलाही लागली. चौघांचा लागला नाही. मुकादमाचा फोन बंद. होळीनंतर ती कुटुंबं पाड्यावर परतली नाहीत, दुसऱ्या भट्टीवर गेल्याचं शेजारीण म्हणाली, आणि मे महिन्यात मी घरी बसले. दोन मुली, दोन मुलगे. त्यातली एक त्या मुकादमाच्याच पुतणीची. नावं आणि जन्मतारखा कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवल्या आहेत. जिच्या वाट्याला भट्ट्यांचं बीट येईल तिने माझ्या जुन्या बीटच्या सेविकांकडे निरोप ठेवावा. त्यांच्याकडे माझा नंबर आहे.

तुमची,
एक निवृत्त मुख्यसेविका